मतलई वारा आणि कारखान्याची फाईल

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय ‘धोकादायक उद्योगांतील पर्यावरणीय धोके : ओळख आणि व्यवस्थापन’. मी फोनवर फक्त ‘वारा’ एवढंच सांगितलं होतं. नुसत्या वाऱ्यासाठी चिपळूणकर पावसाळी संध्याकाळी घर सोडायचे नाहीत, असं चिटणीसांना वाटलं असावं. तरी बरीच माणसं आलीत. वीज गेल्येय म्हणून आला असाल, तर तेही चालेल.

तीस वर्षं मी रासायनिक कारखान्यांत सेफ्टी ऑफिसर होतो. सेफ्टी ऑफिसर म्हणजे लग्नातला भटजी. सगळे त्याला नमस्कार करतात आणि ‘जरा लवकर आटपा’ म्हणतात.

तर वारा. तुम्हाला खारा आणि मतलई शिकवायची गरज नाही. दिवसा जमीन तापते, वारा समुद्राकडून येतो, तो खारा. रात्री जमीन आधी निवते, वारा डोंगराकडून समुद्राकडे सुटतो, तो मतलई. होडीवाल्यांचं जाणं-येणं पिढ्यान्‌पिढ्या यावर चाललं. आता खाडीकाठच्या एका कारखान्याची गोष्ट ऐका. नाव सांगत नाही, उगाच ओळखत बसू नका. तिथे क्लोरीन होता. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड. सुटला की वर जात नाही, पऱ्ह्यातून पाणी उतरावं तसा सखल जागा धरत सरकतो. त्यासाठी आमच्याकडे आपत्कालीन आराखडा होता, चांगला जाडजूड, सोनेरी अक्षरांचा. बाहेरगावच्या सल्लागारांनी केलेला. त्यात लिहिलं होतं, वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून. म्हणून जमायची जागा पश्चिमेच्या गेटाजवळ. हिशेब चोख. सल्लागार दुपारी जेवून साइटवर आले होते, तेव्हा वारा पश्चिमेचाच होता!

जानेवारीत मॉक ड्रिल ठरलं. पाहुण्यांना नंतर मुंबई गाठायची होती, म्हणून सकाळी साडेसातला. पाहुणे येणार म्हणून खांबावर नवी विंडसॉक चढवली. ती वाऱ्याची पिशवी, तुम्ही पाहिली असेल. पण मळू नये म्हणून कोणीतरी तिचं प्लास्टिकचं वेष्टण काढलंच नव्हतं. हसू नका, तुमच्या टीव्हीचा रिमोट अजून कव्हरातच आहे. पिशवी गुंडाळलेली, खांब सरळ, वारा शून्य!

सायरन झाला. गळती दाखवायला टाकीजवळ धुराच्या कांड्या पेटवल्या. माणसं शिस्तीत पश्चिम गेटाकडे निघाली. गेटावरचे आमचे आबा वॉचमन, आयुष्यभर खाडीत जाळी टाकलेला माणूस. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “सायब, मतलय सुटलाय. मान्सांना तिकडं कशाला नेताव?” मी मान वर केली. नारिंगी धूर जमिनीलगत, सावकाश, आमच्याच मागोमाग येत होता. पाच मिनिटांत अख्खी पाळी, पाहुणे आणि गुलाबांचा हार धुरात. पाहुणे खोकत खोकत म्हणाले, “व्हेरी रिअलिस्टिक.”

अहवालात काय गेलं? ‘ड्रिल यशस्वी. सर्व कर्मचारी नियोजित जागी वेळेत जमले.’ यातला एकही शब्द खोटा नाही. माझी तक्रार आहे ती हीच. आणि खाली सही माझी आहे, तेही सांगून टाकतो.

भोपाळ आठवा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली रात्र. मिथाइल आयसोसायनेट, हवेपेक्षा जड. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार असते, ती वर उचलली जात नाही. वायू झोपलेल्या वस्तीत शिरला. कित्येक लोक तो जिकडे चालला होता तिकडेच पळाले, कारण कुठल्या बाजूला पळायचं हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

(चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ मुख्य विषय अजून राहिलाच आहे, तेव्हा आता धावत.)

धोका आणि जोखीम, दोन्ही वेगळं. पडवीतल्या अडगळीत नाग आहे हा धोका. अंधारात अनवाणी तिथे लाकडं काढायला जाणं ही जोखीम. आधी नाग आहे का ते बघा, मग कोण, कधी, किती वेळा जातो ते लिहा. कारखान्यात हॅझॉप करतात, म्हणजे एकेका पाइपला प्रश्न विचारायचे : प्रवाह थांबला तर? वाढला तर? उलटा फिरला तर? माझं म्हणणं, आपल्याकडे त्यात आणखी दोन घाला : मतलई असेल तर? पूर असेल तर?

२२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर तुम्हाला सांगायला नको. पिंपांचं मात्र सांगतो. टोल्युइन हे पेट घेणारं द्रावक पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे काठोकाठ भरलेलं पिंपसुद्धा पुरात तरंगतं आणि गेट उघडं असेल तर गावात येतं. उलट सोडियम पाण्याला लागला की हायड्रोजन सुटतो आणि पेट घेतो. तेव्हा माल कुठल्या उंचीवर ठेवलाय, हा प्रश्न पागोळ्या गळायच्या आधी विचारायचा.

उपायांचा क्रम : घातक माल कमी ठेवा, जमलं तर बदला, मग यंत्राने अडवा, मग नियम, आणि मास्क सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे सुरुवात मास्कपासून होते, कारण तो स्वस्त आणि फोटोत दिसतो.

नाकावर भरवसा ठेवू नका. हायड्रोजन सल्फाइडला आधी सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून टाकीत उतरलेला माणूस परत येत नाही, त्याला काढायला उतरलेला दुसराही येत नाही. हवा मोजल्याशिवाय टाकीत उतरायचं नाही, सख्खा भाऊ आत असला तरी.

कायदा एका दमात. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात ४१ब कलम आलं : धोक्याची माहिती आसपासच्या लोकांनाही द्यायची. १९८९ च्या नियमांत कारखान्याबाहेरच्या वस्तीसाठीचा आपत्कालीन आराखडा आला, १९९६ च्या नियमांत रासायनिक अपघातांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा गट. ही माहिती आणि तो आराखडा ग्रामसभेत मागा. आणि वायू सुटलाच तर वाऱ्याबरोबर धावू नका, वाऱ्याला आडवे निघा. क्लोरीन असेल तर उंचवट्याकडे, तोंडाला ओलं फडकं धरून.

हो हो, बसतो. ड्रिलच्या दुसऱ्या दिवशी मी आराखड्याच्या त्या पानावर पेनने लिहिलं, ‘सकाळी वारा उलटा. पूर्व गेट.’ पुढच्या वर्षी नवी प्रत छापून आली. अक्षरं पुन्हा सोनेरी, गेट पश्चिमेचंच. आबा तेव्हा रिटायर झाले होते.