अंतिम सामना एकच, यजमान मात्र दोन

नमस्कार. शेजारी देश मिळून फुटबॉलची मोठी स्पर्धा भरवतात, तेव्हा सर्वांत अवघड काम वाटणीचे असते, कारण सामने निम्मे-निम्मे करता येतात, पण अंतिम सामना एकच असतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे २००२ चा विश्वचषक. जपान आणि दक्षिण कोरिया यजमानपदासाठी एकमेकांविरुद्ध उभे होते, आणि १९१० ते १९४५ या काळातील जपानी राजवटीची कटुता कोरियात शिल्लक होती. तरीही ३१ मे १९९६ रोजी फिफाने दोघांना मिळून यजमानपद दिले. पुढे ठरले ते असे : स्पर्धेच्या अधिकृत नावात कोरिया आधी, उद्घाटनाचा सामना सोलमध्ये आणि अंतिम सामना जपानमधील योकोहामात. प्रत्येकाने दहा मैदाने दिली. चार गट कोरियात, चार जपानमध्ये खेळले. साखळी फेरीत कोणत्याही संघाला समुद्र ओलांडावा लागला नाही, ही मला या आखणीतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. अंतिम फेरीतील दोन्ही संघांचा प्रवास पाहा. ब्राझील साखळी सामने कोरियात खेळून बाद फेरीसाठी जपानला गेला. जर्मनी जपानमधून कोरियात आला, सोलला उपांत्य सामना जिंकला आणि योकोहामाला परतला. तेथे ब्राझीलने २-० असा विजय मिळवला.

प्रेक्षकांची परीक्षा मात्र सीमेवर होते. २०१२ च्या युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेचे यजमान पोलंड आणि युक्रेन होते. पोलंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांत सीमेवर पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात होता, युक्रेन नव्हता. त्यामुळे वॉर्सातून कीव्हला जाताना पासपोर्ट तपासणी होतीच, शिवाय दोन्हीकडच्या रेल्वे रुळांची रुंदीही वेगळी.

यजमानांना पात्रता फेरीविना थेट प्रवेश मिळतो आणि दोन यजमान म्हटले की दोन जागा जातात. युरो स्पर्धेत २००८ मध्ये ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड आणि २०१२ मध्ये पोलंड व युक्रेन, हे चारही साखळीतच बाद झाले, म्हणून या सवलतीवर टीका होते. पण ज्या देशाने मैदाने उभारली, त्याच्या प्रेक्षकांना स्वतःचा संघ पाहायला मिळू नये, हे मला अन्यायाचे वाटते.

२०२६ च्या विश्वचषकाची वाटणी मात्र मला खटकते. १०४ सामन्यांपैकी ७८ अमेरिकेला, मेक्सिको आणि कॅनडाला प्रत्येकी १३, आणि उपांत्यपूर्व फेरीपासून पुढचा प्रत्येक सामना अमेरिकेत. उद्घाटनाचा मान मेक्सिको सिटीला आहे, पण सोल आणि योकोहामा यांच्यात जो तोल साधला गेला, तो या आकड्यांत दिसत नाही.