मांगरातलं वर्कशॉप: वीज, ऊब आणि उजेड

थंड देशांत घरच्या वर्कशॉपची गोष्ट निघाली की हीटिंगचा मुद्दा आधी येतो. गोव्यात तो सोडून द्यावा असं कुणालाही वाटेल. माणसाला इथे शेगडी नको, हे खरंच. पण रंधा, पटाशा, ड्रिलची बिटं यांना जून ते सप्टेंबर ऊब लागते. चवथीच्या आधी मखराची, चौरंगाची कामं निघतात आणि नेमकी तेव्हाच हवा ओलीचिंब असते.

हिशेब असा. २७ अंशांची, ९० टक्के दमट हवा ३२ अंशांवर नेली की सापेक्ष आर्द्रता ६८ टक्क्यांच्या आसपास येते. ३५ अंशांवर ती ५७ होते. हवेतलं पाणी तेवढंच आहे, पण ते लोखंडावर बसायची शक्यता कमी झाली. साठीच्या पुढे गंजाचा वेग झपाट्याने वाढतो, म्हणून हे चार-पाच अंश मोलाचे.

त्यासाठी अख्खा मांगर, म्हणजे घरापासून वेगळी कौलारू शेड, तापवायचा नाही. कौलांच्या फटींतून वारा वाहतो, तिथे डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) लावणं म्हणजे अंगण सुकवणं. १८ मिमी प्लायची ६० × ४० × ४० सेंटिमीटरची पेटी करा. आत पोर्सेलीन होल्डरवर २५ वॉटचा जुना, तारेचा बल्ब, त्याला जाळी, आणि लाकूड व हत्यारं बल्बपासून १५ सेंटिमीटर लांब. खाली-वर दोन-दोन बारीक भोकं ठेवा. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा पाचेक अंशांनी चढतं. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी, त्याला उष्णताच फार कमी. पुरुषभर उंचीच्या लोखंडी कपाटात हाच बल्ब जेमतेम एक अंश चढवील, कारण पत्र्याचं क्षेत्र मोठं आणि पत्रा उष्णता धरत नाही. थिनर, पॉलिश, तेलाची फडकी या पेटीत कधीच नकोत.

आता वायरिंग. घरापासून मांगर २५ मीटरवर आहे आणि एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर चालवायची आहे, असं धरू. चालताना ती सहा-सात अँपिअर घेते. सुरू होताना क्षणभर चाळीसच्या घरात जाते. अडीचच्या (अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या) तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण ८ ओहम. जाऊन-येऊन ५० मीटर, म्हणजे ०.४ ओहम, आणि सुरुवातीलाच १६ व्होल्ट गळाले. पावसात संध्याकाळी लाइनवर २०० व्होल्टच येत असतील तर मोटरला १८४ मिळतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, तो ६४ टक्क्यांवर येतो. मग मोटर नुसती गुणगुणते, वेग घेत नाही, आतला सेंट्रिफ्युगल स्विच (वेग आल्यावर सुरुवातीचं वाइंडिंग तोडणारा) सुटत नाही आणि ते स्टार्टिंग वाइंडिंग जळतं. दोष मोटरला दिला जातो. सहाची तांब्याची केबल ओढली तर गळती सात व्होल्टच्या आत राहते. मांगरात वेगळा छोटा डीबी (वीज वाटपाचा डबा), त्यात मशीनच्या प्लगांना अडीचची वायर आणि १६ अँपिअरचे सी-कर्व्ह एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारे स्विच, पण मोटरचा सुरुवातीचा झटका सोसणारे. त्याहून नाजूक बी-कर्व्ह मोटर सुरू करतानाच पडू शकतो. दिव्यांची लाइन पूर्ण वेगळी, दीडच्या वायरीवर. करवत ट्रिप झाली आणि सोबत दिवेही गेले, तर फिरतं पातं अंधारात राहतं.

अर्थिंगवर जरा थांबू, कारण ‘अर्थिंग दिलंय ना’ म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. तुमचा इलेक्ट्रोड (जमिनीत पुरलेला अर्थिंगचा पाइप) ५ ओहमांचा आणि ट्रान्सफॉर्मरकडचा २ ओहमांचा धरा. फेजची वायर मशीनच्या सांगाड्याला लागली तर २३० भागिले ७, म्हणजे ३३ अँपिअर वाहतात. १६ अँपिअरच्या सी-कर्व्ह एमसीबीला तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ३३वर त्याला मिनिटभरही लागू शकतं, आणि तोवर सांगाड्यावर १६५ व्होल्ट उभे. चांगलं अर्थिंग असूनही. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत फरक पडला की लाइन तोडणारा स्विच, हवाच. तो असला की अर्थिंग १०० ओहमांचं असतानाही सव्वादोन अँपिअर गळतात, म्हणजे त्याच्या मर्यादेच्या पंचाहत्तरपट, आणि तो सेकंदाच्या अंशात लाइन तोडतो. तरी अर्थिंग सोडायचं नाही: ते नसेल तर गळतीला वाट सापडते ती तुमच्या शरीरातूनच. आरसीसीबी ओव्हरलोड सांभाळत नाही, एमसीबी आधी हवाच. टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्याच्या जमिनीत अडचण वेगळी. ओल असताना अर्थिंग छान दिसतं, एप्रिल-मेमध्ये जांभा सुकला की रोध चढतो. म्हणून मोजमाप मे महिन्यात घ्या, ऑगस्टमध्ये नव्हे. अर्थिंगच्या खड्ड्यात घातलेलं मीठ पावसाबरोबर वाहून जातं आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप खातं. बेंटोनाइट ही ओल धरणारी माती जास्त टिकते. खडक लवकर लागला तर दोन इलेक्ट्रोड घालून जोडा, अंतर किमान एकाच्या लांबीच्या दुप्पट.

चिऱ्याच्या भिंतीत खाचा मारू नका. चिरा फुटतो आणि त्यातली ओल पाइपात शिरते. भिंतीवरून पीव्हीसी कंड्युट (वायरींचा पाइप), तोंडं बंद. उघडं भोक दिसलं की पाल डीबीत जाते आणि दोन टर्मिनलांमध्ये अडकून शॉर्ट करते. किनाऱ्याजवळ पत्र्याचा डबा खाऱ्या हवेने गंजतो, तिथे पॉलिकार्बोनेटचा घ्या आणि टर्मिनलचे स्क्रू दरवर्षी कसा.

टेबल-सॉ, प्लेनर यांना नो-व्होल्ट रिलीज असलेला, म्हणजे वीज गेली की आपोआप बंद होणारा आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत बंदच राहणारा, स्टार्टर लावा. वीज गेली, तुम्ही पातं साफ करायला हात घातला, वीज आली: साध्या स्विचवर पातं फिरायला लागतं. गोव्यातल्या पावसाळ्यात हे केव्हाही घडू शकतं.

उजेडाचं थोडक्यात. ३ × ५ मीटरच्या मांगरात सर्वत्र ३०० लक्स (दर चौरस मीटरला ३०० ल्युमेन उजेड) हवे तर ४५०० ल्युमेन जमिनीवर पोचायला हवेत. वर काळपट कौलं असली की अर्धा उजेड वाया जातो, म्हणजे ९००० ल्युमेन: २० वॉटच्या चार-पाच ट्यूब. टेबलावर आणखी एक हलवता येणारा दिवा, जो असा धरता येईल की हाताची सावली कामावर पडणार नाही.

लेथ असेल तर एक धोका आहे. स्वस्त एलईडी आणि जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १५०० आरपीएमवर चार जबड्यांचा चक (लाकूड पकडणारा फिरता भाग) दोन लुकलुकींच्या मध्ये बरोबर पाव फेरा फिरतो, म्हणून तो थांबल्यासारखा दिसतो. दिवा लावून मोबाइलचा कॅमेरा जवळ धरा: पडद्यावर सरकणारे काळे पट्टे दिसले तर तो दिवा लेथवर नको.