तीन वह्या, तीन आकडे

नमस्कार श्रोतेहो. घरोघर फिरणारी परिचारिका रोज ज्या नोंदी लिहिते, त्या एकत्र आणून संशोधन कसं करायचं, हा आजचा विषय. पण आधी नाइटिंगेलबाईंची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

साल 1854. क्रिमियाचं युद्ध. इस्तंबूलजवळच्या स्कुटारीत ब्रिटिशांचं लष्करी रुग्णालय होतं, तिथे परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल पोचल्या. आपण त्यांचा तो दिवा तेवढा पाठ केला. बाई गणितात किती पक्क्या होत्या, ते शाळेत कुणी सांगितलंच नाही! तर तिथे मृत्यूंच्या नोंदी तीन ठिकाणी होत. एक यादी दफनाची, दुसरी डॉक्टरांची, तिसरी लष्करी कचेरीची. तीन वह्या, आणि तिन्हींचे आकडे वेगळे! दफनाच्या यादीत नाव आहे म्हणजे माणूस पुरला, एवढं धरून चालता येई. पण पुरलेला प्रत्येक जण तिच्यात असेलच असं नाही. डॉक्टरांच्या यादीत तर शेकडो पुरलेल्यांची नावं चढलीच नव्हती. आणि कचेरीचा हिशेब? तो या दोघींशीही जुळेना. मायदेशी परतल्यावर विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञांच्या मदतीने बाईंनी आकडे लावले, तेव्हा दिसलं की जखमांपेक्षा रोगांनीच कितीतरी जास्त सैनिक गेले. पुढे 1860 मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांची योजना आली : सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात.

आजही घोळ तोच. एक परिचारिका लिहिते ‘जखम भरत आली’, दुसरी नुसतं ‘ठीक’. दोघी खऱ्या, पण बेरीज कशी करणार? म्हणून आधी नोंदीची भाषा एक, मग संगणक. पुन्हा सांगते, आधी भाषा, मग संगणक. अमेरिकेतल्या ओमाहा शहरात घरभेटी देणाऱ्या परिचारिकांच्या संस्थेने 1970च्या दशकात हे काम हाती घेतलं. त्यांच्या पद्धतीत 42 समस्या ठरलेल्या आहेत. प्रत्येकीसाठी रुग्णाला तिच्याबद्दल असलेली माहिती, त्याची वागणूक आणि स्थिती यांना 1 ते 5 गुण. पहिल्या भेटीत 2, नंतर 4, म्हणजे फरक दिसतो, आणि दुसऱ्या केंद्राशी ताडूनही पाहता येतो.

संशोधनासाठी नोंदी देताना रुग्णांची नावं अर्थातच काढून टाकायची. पण आजार दुर्मिळ आणि वस्ती लहान असेल, तर नावाशिवायही माणूस ओळखू येतो. तिथे वय, वस्ती असे तपशील ढोबळ करावे लागतात.

आणि हो, नवे रकाने सुचवणाऱ्या साहेबांनी आधी आठवडाभर घरभेटींना जावं, हे माझं आपलं मत. कागद भरता भरता रक्तदाब मोजायचा राहून जातो हो!