इंजिनखणातला करपट वास

श्रोतेहो, नमस्कार.

बोट दिवसभर छान पळाली. संध्याकाळी धक्क्याला लावली, इंजिन बंद केलं, आणि पाचएक मिनिटांत मागच्या झाकणाच्या फटीतून वास वर आला. ऑइल तापल्याचा, करपट, घशाशी बसणारा. पळताना नव्हता, मग आता कुठून आला? बरेच मालक इथेच दचकतात आणि इंजिन कामातून गेलं असं ठरवून मोकळे होतात. आज या वासाबद्दलच बोलू या. इंजिन अर्थात बोटीच्या पोटात बसवलेलं, इनबोर्ड.

आधी वास कशाचा ते ओळखा. पेट्रोलचा असेल तर माझं भाषण राहू द्या. झाकणं उघडा, माणसं खाली उतरवा, चावीला किंवा कुठल्याही बटणाला हात लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, जाऊन बसते आणि तिला एक ठिणगी पुरते. एक्झॉस्टच्या धुराचा वास असेल तरी तीच घाई करा. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, पण धूर आत येतोय म्हणजे तोही सोबत येणारच. केबिनमध्ये त्याचा अलार्म हवा, नाकाच्या भरवशावर राहू नये. ऑइलचं तसं नाही. ते पेटायचं तर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर तापावं लागतं. त्यामुळे नुसता वास असेल, धूर नसेल, तर शांतपणे शोध घ्यायला वेळ मिळतो.

आता मुख्य प्रश्न: वास येतो कधी? दुरुस्तीला आलेल्या माणसाला मी हेच आधी विचारतो, आणि निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं. चालू इंजिन हवा किती ओढतं बघा. ५.७ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांवर असेल, तर हिशेबाने मिनिटाला जवळपास ११,००० लिटर हवा गिळतं. म्हणजे आपल्याच खोलीतला वास ते स्वतः खाऊन टाकतं. बंद केलं की हे थांबतं, थंड करणारं पाणीही फिरायचं थांबतं, आतली उष्णता बाहेरच्या अंगावर येते आणि तिथे सांडलेलं ऑइल शिजायला लागतं. म्हणून बंद केल्यावरच वास येत असेल, तर माझा संशय बाहेरच्या गळतीवर. चालू असतानाच येतो, फेऱ्या वाढवल्या की वाढतो, आणि खणात निळसर धुरकट दिसतं? मग गडबड आतल्या दाबाची.

बाहेरच्या गळतीत पहिला मान व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) गॅस्केटचा, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या पट्टीचा. मग फिल्टरचा सांधा, ऑइल कूलरचे होज. फिल्टर बदलताना सांडलेलं वाटीभर ऑइलही आठवडाभर छळतं. इंजिन आधी पुसून लख्ख करा. खाली पांढरा कपडा अंथरा, संशयाच्या जागी टॅल्कम पावडर भुरभुरा, अर्धा तास चालवा आणि मग टॉर्च व छोटा आरसा घेऊन बघा. ऑइल खाली ओघळतं, त्यामुळे डबकं जिथे दिसतं तिथे गळती नसते. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची.

आतला दाब कसा वाढतो? पिस्टन रिंग झिजल्या की जळालेला वायू त्यांच्या कडेने निसटून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरतो. थोडा तर नव्या इंजिनातही उतरतो; तो ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडावा, अशी सोय असते. ही नळी चोंदली तर दाब वाढून ऑइल सिलांमधून (सांधे बंद करणाऱ्या कड्यांमधून), डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइलची पातळी मोजायच्या काडीच्या, नळीतून वाट काढतं. तेव्हा रिंगांना दोष देण्याआधी ब्रीदर काढून साफ करा. मग इंजिन गरम करून मंद फेऱ्यांवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर नुसतं उलटं ठेवा. (बाह्या वर करा, पट्टा फिरत असतो.) झाकण किंचित थरथरलं तर हरकत नाही. उड्या मारायला लागलं, भकाभक धूर सोडायला लागलं, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या.

डिपस्टिक मात्र ह्या सगळ्याच्या आधी. बोट शांत पाण्यात सपाट असताना, इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर. बोटीतलं इंजिन मुळात तिरकं बसवलेलं, त्यात मागे चार माणसं बसली असतील तर पातळी काहीही दाखवेल. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून वर ओतणारे मला दर मोसमात भेटतात. जास्तीच्या ऑइलला क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, घुसळतो, फेस होतो आणि त्याचं धुकं ब्रीदरमधून बाहेर येतं. न ओतताच पातळी वाढली असेल तर काडी हुंगा. डिझेल इंजिनात फीड पंपाचा पडदा फाटला की डिझेल थेट क्रँककेसमध्ये उतरतं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. दोन्हीत इंजिन चालवू नका.

एक फजिती सांगतो, माझीच. एका बोटीचं गॅस्केट बदललं, ब्रीदर धुतला, झाकणाची परीक्षा झाली, सगळं ठीक. वास तसाच. दोन दिवस मी त्या खणात वाकून बसलो. नाक तर पहिल्याच तासात थकलं होतं, त्याला काही कळेना. शेवटी उठताना आधारासाठी खणाच्या झाकणाला आतून हात लावला, आणि तळवा काळा झाला. आवाज कमी करायला लावलेला फोम जुन्या गळतीचं ऑइल पिऊन बसला होता, रोज तापत होता, रोज दरवळत होता. पिळला तर थेंब पडले. तो फाडून काढला, नवा बसवला, आणि बिल बनवताना त्या दोन दिवसांची मजुरी लावली नाही.