उलटं कोरलेलं अक्षर: मॅग्ने फुरुहोल्मेनचे ठसे आणि रांजण

मॅग्ने फुरुहोल्मेन म्हटलं की त्याचा नॉर्वेजियन पॉप बँड ‘आ-हा’ आठवतो, आणि ‘आ-हा’ म्हटलं की ‘टेक ऑन मी’च्या सुरुवातीची ती कीबोर्डची धून. ती त्याला पंधराव्या वर्षाच्या सुमारास सुचली. आधी ती ऑस्लोतल्या ‘ब्रिजेस’ या त्याच्या आधीच्या बँडच्या ‘मिस ईरी’ या गाण्यात होती, मग ‘लेसन वन’मध्ये. ‘टेक ऑन मी’ या नावानं 1984 साली निर्माता टोनी मॅन्सफिल्डच्या हाताखाली झालेलं रेकॉर्डिंग पडलं, अॅलन टार्नीनं केलेलं 1985 साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. नाव बदललं, शब्द बदलले, निर्माता बदलला, धून तीच. एकच कोरलेला ठोकळा वेगवेगळ्या कागदांवर उमटवावा, तसं झालं.

एक गैरसमज आधीच दूर करतो. त्या गाण्याच्या व्हिडिओतली पेन्सिलची चित्रं फुरुहोल्मेनची नव्हेत. ती मायकल पॅटरसन आणि कँडेस रेकिंजर यांची. सुमारे 3000 चौकटी, चित्रित केलेल्या फिल्मवरून हातानं काढलेल्या. त्याचं स्वतःचं काम आहे लाकडी ठसे, काच आणि माती. आणि त्यात सगळीकडे अक्षरं: तुटलेले शब्द, अर्धी वाक्यं.

लाकडी ठशात अक्षर आलं की पहिली अडचण आरशाची. कागदावर सुलट यायचं तर फळीवर उलट हवं. मजकूर ट्रेसिंग कागदावर लिहायचा, कागद पालथा घालायचा आणि मगच कोरायला घ्यायचं. नॉर्वेजियन ‘Ø’मध्ये गोलातून जाणारी तिरकी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढताना पटाशी रेघेच्या तंतूंवर आडवी गेली की रेघच उडते. म्हणून आधी धारदार चाकूनं रेघेच्या दोन्ही कडा छेदायच्या, मग मधलं लाकूड उचलायचं. देवनागरीत हीच गत ‘ष’च्या पोटातल्या तिरक्या रेघेची. शाई जास्त झाली की बारीक खाचा भरतात आणि अक्षर सुजल्यासारखं दिसतं. रोलर शाईवर फिरताना मखमलीसारखा बारीक आवाज यायला हवा. चिकट चटचट आवाज आला, तर शाई काढून घ्या.

नॉर्वेत या कामाला चित्रकार मुंकची सावली आहे, ती कुणाला चुकत नाही. एडवर्ड मुंकनं 1890च्या दशकाच्या शेवटी फळीचेच करवतीनं तुकडे केले. प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग लावायचा, तुकडे कोड्यासारखे पुन्हा जुळवायचे आणि एकाच दाबात छापायचं. रंगागणिक वेगळी फळी लागत नाही, जुळवणीही चुकत नाही. पण करवतीच्या पात्याची जाडी तुकड्यांमध्ये पांढरी रेघ म्हणून राहते. ती झाकायला जाऊ नये. तीच चित्राची बाह्यरेषा होते. बंद आकार कापायचा तर आधी भोक पाडावं लागतं, आणि ते भोक पांढरा ठिपका म्हणून छापलं जातं. ते रेघेवरच पाडायचं, म्हणजे लपतं.

मातीत तोच आरसा पुन्हा भेटतो. ऑस्लोजवळ फोर्नेबूला, जिथं 1998 पर्यंत विमानतळ होता, तिथं फुरुहोल्मेनचे ‘इम्प्रिंट्स’ नावाचे भलेमोठे सिरॅमिक रांजण उघड्यावर उभे आहेत, अंगावर अक्षरं घेऊन. ओल्या मातीत साच्यानं अक्षर दाबायचं तर साच्यावर ते उलट हवं. टोकदार काठीनं थेट ओरखडायचं तर सुलट. दाबताना आतून हाताचा आधार नसेल तर भिंत आत बसते. एवढ्या जाडीच्या भांड्यात भाजलेल्या मातीची भरड मिसळावी लागते, नाहीतर वाळताना चिरा पडतात. आणि दाबलेल्या खाचेच्या तळाशी भिंत पातळ होते. ती आधी वाळते, आधी आकसते. म्हणून चीर बहुतेक वेळा अक्षराच्या कोपऱ्यातूनच सुरू होते. त्यावर उपाय दोन: खाचेचे कोपरे बोटानं गोल करायचे, आणि रांजण प्लास्टिकखाली कित्येक आठवडे हळूहळू वाळू द्यायचा. आत ओल राहिली तर भट्टीत वाफ होते आणि भिंतीचा तुकडाच उडतो, अक्षरासकट.