पोट लहान केलं म्हणून भूक मरत नाही, राजेहो!

नमस्कार राजेहो! दारव्ह्याहून तुमचा मेडिकलवाला भाऊ. मागच्या वेळी वजनाच्या इंजेक्शनवर बोललो, तर खाली अर्ध्या कमेंटा वजन उतरवायच्या ऑपरेशनच्याच. "भाऊ, पोट कापलं, दोन घासांत भरलं, माणूस बारीक झाला. त्यात काय विशेष?"

ऑपरेशनं मुख्य दोन, भरकन सांगतो. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. बायपासमध्ये वर छोटी पिशवी ठेवून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. झालं.

आता माझं डोकं फिरतं ते इथं. पोटाचा आकार हे अर्धंच उत्तर आहे! जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन बनतं, मेंदूला 'भूक लागली' सांगणारं हार्मोन. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. तुम्ही भाकर अर्धी करून वजन उतरवता तेव्हा हेच घ्रेलिन उलट वाढतं. डाएटवाला तेरवीच्या पंगतीत तुटून पडतो तो काहून? त्याला खादाड म्हणून हसू नका.

नाही पटलं? जठराला पट्टा बांधायचंही एक ऑपरेशन आहे. घास तिथंही अडतो. पण 'पोट भरलं' सांगणारी आतड्याची हार्मोनं बायपाससारखी वाढत नाहीत, आणि वजनही सरासरी तेवढं उतरत नाही. नुसता आकारच सगळं करत असता तर असं झालं असतं का?

अजूनही नाही? मग कालवा आठवा. वरचे शेतकरी पाणी ओढतात, टेलवाल्याला, म्हणजे कालव्याच्या शेवटी असलेल्याला, थेंबही मिळत नाही. आतड्याचं तसंच, बरंचसं अन्न वरच शोषलं जातं. बायपासमध्ये वरचा भाग टाळला, की अन्न धाडकन खाली टेलला पोचतं. तिथल्या पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही हार्मोनं भरपूर सोडतात. दोन्ही मेंदूला 'पुरे' सांगतात. जीएलपी-१ वाढलेल्या साखरेवर इन्सुलिनही सोडायला लावतं. म्हणून कित्येकांची शुगर वजन उतरायच्या आधी, काही दिवसांतच खाली येते. सुरुवातीला खाणंच कमी असतं, तेही कारण आहे, मान्य.

एका ताईंनी लिहिलंय, "जवसाची चटणी खा, ऑपरेशन लागत नाही." ताई, चटणी मीही खातो. बाकी फोकनाड आहे.

"मग जीएलपी-१च टोचून घेतलं तर?" अंगातलं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत तुटतं. सेमाग्लुटाइड म्हणजे त्याच्यासारखंच, पण टिकाऊ बनवलेलं औषध. म्हणून आठवड्यातून एकच इंजेक्शन. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी देत नाही, दुकानात येऊन वाद घालू नका.

आणि हो, शुगर अशी झपकन उतरते म्हणूनच नागपूरहून ऑपरेशन करून आलात की घरातली जुनी चिठ्ठी काढून ऑपरेशनआधीच्याच डोसाचं इन्सुलिन टोचू नका, चक्कर येऊन पडाल. डिस्चार्जच्या कागदावर काय लिहिलंय ते पाहा, आणि मेडिकलवर येताना तोच कागद आणा.