कॅनडातील पदवीची पारख कोण करते?

[दृश्य : ओटावातील संसद भवन; त्यानंतर टोरांटोतील क्वीन्स पार्क येथील ओंटारिओ प्रांताचे विधिमंडळ.]

पुण्या-नागपुरातून कॅनडाला शिकायला निघालेल्या मुलांचे पालक सल्लागारासमोर बसले की एक प्रश्न हमखास येतो : या कॉलेजला नॅकसारखा कोणता दर्जा आहे? प्रश्न रास्तच आहे. आपल्याकडे महाविद्यालयांना श्रेणी देणारी नॅक ही संस्था १९९४ पासून आहे; तिचे तपासणी पथक, म्हणजे पीअर टीम, यायची म्हटली की महाविद्यालयाच्या भिंतींना रंग लागतो, दप्तरे लावली जातात, आणि शेवटी मिळालेले अक्षर प्रवेशद्वारावरच्या फलकावर वर्षानुवर्षे झळकत राहते. कॅनडातील कोणत्याही विद्यापीठाला असे देशपातळीवरचे अक्षर मिळत नाही. ते देणारी राष्ट्रीय संस्था तेथे नाही, आणि जिच्या छत्राखाली ती स्थापन व्हावी असे केंद्रीय शिक्षण मंत्रालयही नाही.

याचे मूळ १८६७ च्या घटना कायद्यात आहे. त्या कायद्याच्या ९३व्या कलमाने शिक्षणाचा विषय प्रांतांकडे सोपवला आणि तो आजतागायत तेथेच राहिला. संशोधनाला निधी देणे, विद्यार्थ्यांना कर्ज देणे आणि परदेशी विद्यार्थ्यांना स्टडी परमिट देणे ही कामे ओटावातील केंद्र सरकार करते. परंतु पदवी देण्याचा अधिकार कोणाला द्यायचा, हे प्रांताचे विधिमंडळ ठरवते. दहा प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी १९६७ मध्ये आपली एक परिषद स्थापन केली, पुढे तीत प्रांताचा दर्जा नसलेले तीन प्रदेशही आले, आणि २००७ मध्ये या परिषदेने पदवी शिक्षणाच्या गुणवत्तेविषयी एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. बॅचलर, मास्टर आणि डॉक्टरेट या पायऱ्यांवर विद्यार्थ्याला काय यायला हवे, नवा अभ्यासक्रम कसा तपासावा आणि नव्या संस्थेची परीक्षा कशी घ्यावी, याची चौकट त्यात आखलेली आहे. ती राबवण्याचे काम मात्र पुन्हा प्रत्येक प्रांताकडेच गेले.

[दृश्य : कॅनडाचा नकाशा, पूर्वेकडून पश्चिमेकडे एकेक प्रांत उजळत जातो.]

त्यामुळे देशभर एकाच कामासाठी निरनिराळी यंत्रणा दिसते. अटलांटिक किनाऱ्यावरील न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड या तीन प्रांतांचा १९७४ पासून सामाईक आयोग आहे. क्वेबेकमध्ये शाळा आणि विद्यापीठ यांच्यामध्ये ‘सेजेप’ हा स्वतंत्र टप्पा असून त्यासाठी १९९३ पासून वेगळा मूल्यमापन आयोग काम करतो. अल्बर्टात आणि ब्रिटिश कोलंबियात मंत्र्यांना सल्ला देणारी मंडळे आहेत. ब्रिटिश कोलंबियात शैक्षणिक गुणवत्तेची ‘ईक्यूए’ नावाची एक प्रांतिक खूणही आहे आणि परदेशी विद्यार्थी घ्यायचे असतील तर ती संस्थेला मिळवावी लागते. नॅकच्या फलकाची आठवण यावी असे कॅनडात काही असेल तर ते एवढेच, पण त्यातही श्रेणी नसते.

यांपैकी ओंटारिओची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे, कारण महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या तोंडी जी नावे असतात, टोरांटो, वॉटरलू, मॅकमास्टर, यॉर्क, ती सगळी याच प्रांतातील आहेत.

[दृश्य : विद्यापीठातील सभागृह, लांब मेजावर जाडजूड अहवालाच्या प्रती, एका प्रतीच्या समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा.]

ओंटारिओतील सार्वजनिक विद्यापीठांनी २०१० मध्ये स्वतःच ‘क्वालिटी कौन्सिल’ नावाची परिषद उभी केली. ती सरकारी खाते नाही. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमांच्या तपासणीची लेखी कार्यपद्धती तयार करायची, परिषदेने ती मंजूर करायची आणि मग विद्यापीठ आपल्याच शब्दाप्रमाणे वागते की नाही हे ठरावीक काळाने लेखापरीक्षक पाठवून पाहायचे, अशी ही रचना आहे. नवा पदवी अभ्यासक्रम परिषदेच्या संमतीशिवाय सुरू होत नाही आणि चालू असलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाची आठ वर्षांच्या आत एकदा फेरतपासणी व्हावीच लागते. येथे तपासला जातो तो अभ्यासक्रम, संपूर्ण संस्था नव्हे. म्हणूनच एकाच विद्यापीठातील रसायनशास्त्राचा विभाग नुकताच या चाळणीतून गेलेला असतो आणि इतिहासाच्या विभागाची पाळी अजून चार वर्षांनी यायची असते.

तपासणीची सुरुवात विभागाच्या स्वयंअध्ययन अहवालाने होते. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण टिकले, पदवीला किती वर्षे लागली, कोणता विषय कोण शिकवते, विद्यार्थ्यांचे म्हणणे काय आहे, हे सारे त्यात मांडावे लागते. त्यानंतर बाहेरचे समीक्षक येतात. ते त्याच विषयातले जाणकार, पण दुसऱ्या विद्यापीठातले असावे लागतात आणि विभागातील कोणाशी अलीकडे सहलेखन किंवा मार्गदर्शनाचे नाते असलेला माणूस चालत नाही. विद्यार्थ्यांशी आणि प्राध्यापकांशी बोलून ते संयुक्त अहवाल लिहितात. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे या अहवालात सुधारणेच्या किमान तीन ठोस शिफारशी असाव्याच लागतात. ‘सर्व काही उत्तम आहे’ असे लिहून, हार-नारळ घेऊन परतण्याची सोय त्यामुळे उरलेली नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण चौकटीतील हा सर्वांत शहाणपणाचा नियम आहे.

अहवालाला विभाग उत्तर देतो, अधिष्ठाता वेगळे उत्तर देतात आणि शेवटी अंमलबजावणीचा आराखडा तयार होतो : कोणती शिफारस कोण पार पाडणार, त्यासाठी पैसा कोठून येणार आणि मुदत केव्हाची. त्याचा सारांश विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक असते. ‘दोन प्राध्यापकांच्या जागा तीन वर्षांत भराव्यात’ किंवा ‘दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेतील उपकरणे बदलावीत’ अशा स्वरूपाची वाक्ये तेथे वाचायला मिळतात. प्रवेश घेण्यापूर्वी आपल्या विषयाचा हा सारांश उघडून पाहणारे विद्यार्थी फार थोडे. जागतिक क्रमवारीतील आकडा मात्र प्रत्येकाला पाठ असतो.

या तपासणीची मोजपट्टी म्हणजे पदवीपातळीच्या अपेक्षा. त्या सहा आहेत : ज्ञानाची खोली आणि विस्तार, पद्धतींची जाण, ज्ञानाचा उपयोग, संवादकौशल्य, आपल्या ज्ञानाच्या मर्यादांचे भान, आणि स्वावलंबन व व्यावसायिक जबाबदारी. पाचवी अपेक्षा लक्ष वेधून घेते. पदवीधराला काय ठाऊक नाही हे त्याला ठाऊक असावे, ही गोष्ट परीक्षेत कशी दिसणार आणि तिचा पुरावा कोणता, याचे उत्तर विभागाला आपल्या अहवालात द्यावे लागते, आणि बरेच विभाग तेथे अडखळत असले तर नवल नाही.

[दृश्य : अभियांत्रिकी महाविद्यालयातील कार्यशाळा; लेथवर काम करणारी विद्यार्थिनी.]

ज्या पदवीनंतर परवाना घेऊन व्यवसाय करायचा असतो, तेथे आणखी एक चाळणी असते आणि ती मात्र देशव्यापी आहे. अभियांत्रिकीच्या पदव्यांना मान्यता देणारे मंडळ १९६५ पासून काम करते. व्याख्यानाचा एक तास म्हणजे एक एकक आणि प्रयोगशाळेचा तास म्हणजे अर्धे एकक, असा हिशेब मांडून गणित, विज्ञान आणि अभिकल्पन (डिझाइन) यांना किमान किती वेळ दिला हे ते पाहते. शिवाय पदवीधराच्या अंगी असाव्यात अशा बारा गुणांची नोंदही तपासते. कोणत्याही अभ्यासक्रमाला एका वेळी जास्तीत जास्त सहा वर्षांची मान्यता मिळते. एकमेकांनी दिलेली अभियांत्रिकी पदव्यांची मान्यता ग्राह्य धरणाऱ्या १९८९ च्या वॉशिंग्टन कराराच्या संस्थापक सदस्यांमध्ये कॅनडा होता आणि २०१४ मध्ये भारताचे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ, म्हणजे एनबीए, त्याच करारात सामील झाले. या दोन देशांच्या अभियांत्रिकी पदव्यांची तुलना होऊ शकते ती या दुव्यामुळे. त्यासाठी महाविद्यालयातील तो विशिष्ट अभ्यासक्रम एनबीएने मान्य केलेला असावा लागतो.

[दृश्य : ऑफर लेटर जवळून, संस्थेच्या नावाखाली इंग्रजी ‘ओ’ या अक्षराने सुरू होणारा लांबलचक क्रमांक.]

आता या पत्रावरच्या क्रमांकाकडे वळू. तो डीएलआय क्रमांक आहे. परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याची मुभा असलेल्या संस्थेला तो मिळतो, आणि २०१४ पासून स्टडी परमिटसाठी तो आवश्यक झाला. ‘कॉलेज डीएलआय आहे, काळजी नको’ हे वाक्य आपल्याकडच्या एजंटांनी इतक्यांदा उच्चारले आहे की डीएलआय म्हणजे कॅनडाचे नॅक, अशीच अनेकांची समजूत झाली. ही यादी मुळात व्हिसाच्या व्यवहाराची आहे. त्या महाविद्यालयातील वर्ग, शिक्षक किंवा परीक्षा कशा आहेत, याचा निवाडा तो क्रमांक करत नाही.

दुसरी समजूत अभ्यासक्रमाच्या नावाने होते. भारतातील पदवीधर ज्या एक-दोन वर्षांच्या पोस्ट ग्रॅज्युएट सर्टिफिकेटला मोठ्या संख्येने प्रवेश घेत आले, ते महाविद्यालयाचे प्रमाणपत्र असते, मास्टर पदवी नसते. क्वालिटी कौन्सिलचा त्याच्याशी संबंध येत नाही. ओंटारिओतील सार्वजनिक महाविद्यालये विद्यापीठांपासून वेगळी असून त्यांच्यासाठी स्वतंत्र गुणवत्ता सेवा आहे. महाविद्यालयाला पदवी द्यायची असेल तर २००० च्या कायद्याने स्थापन झालेले मंडळ तो प्रस्ताव तपासते आणि संमती मंत्री देतात.

या व्यवस्थेची खरी कसोटी लागली ती पैशाच्या बाजूने. ओंटारिओ सरकारने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांचे शुल्क १० टक्क्यांनी कमी केले आणि नंतर ते तेथेच गोठवले. परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्काला मात्र तशी मर्यादा नव्हती. प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी डिसेंबर २०२१ मध्ये दाखवून दिले की २०२०-२१ मध्ये सार्वजनिक महाविद्यालयांतील ३० टक्के विद्यार्थी परदेशी होते, पण शुल्काच्या उत्पन्नातील ६८ टक्के वाटा त्यांचा होता, आणि या परदेशी विद्यार्थ्यांपैकी ६२ टक्के भारतातून आलेले होते.

[दृश्य : टोरांटोच्या उपनगरातील कार्यालयीन इमारत, तळमजल्यावर दुकाने, वरच्या मजल्यावर महाविद्यालयाचा फलक.]

याच काळात सार्वजनिक महाविद्यालय आणि खासगी भागीदार यांच्या करारांना बहर आला. उत्तरेकडील टिमिन्स किंवा नॉर्थ बे येथील सरकारी महाविद्यालयाने आपला अभ्यासक्रम परवान्याने द्यायचा, शेकडो किलोमीटर दूर टोरांटोजवळ भाड्याच्या जागेत खासगी संस्थेने तो शिकवायचा आणि प्रमाणपत्रावर नाव मात्र सरकारी महाविद्यालयाचे, असा हा व्यवहार होता. प्रांतानेच नेमलेल्या अभ्यासकाने २०१७ मध्ये ही पद्धत गुंडाळावी असा सल्ला दिला होता; सरकारने ती थांबवायला घेतली, पुढे सत्ता बदलली आणि २०१९ मध्ये नव्या नियमांसह तिला पुन्हा मोकळीक मिळाली. गुणवत्तेची चौकट कागदोपत्री शाबूत होती. सहाव्या मजल्यावरच्या वर्गात रोज काय घडते, ते पाहणारे डोळे मात्र शेकडो किलोमीटर दूर होते.

अखेर प्रांतिक शिक्षणयंत्रणेच्या आधी केंद्राच्या इमिग्रेशन खात्याने हात घातला. डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्राची संस्थेकडून खातरजमा होऊ लागली, कारण त्याच वर्षी बनावट प्रवेशपत्रांवर आलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचे प्रकरण गाजले होते. जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटच्या संख्येवर मर्यादा आली, आणि १५ मे २०२४ पासून अशा भागीदारीतील अभ्यासक्रमांत दाखल होणाऱ्यांना शिक्षणानंतरचा वर्क परमिट बंद झाला. शिकवण्याच्या दर्जाचा प्रश्न व्हिसाच्या नियमाने सोडवण्याचा हा मार्ग मला अर्धवट वाटतो; पण प्रांतांनी दिलेली सवड पाहता दुसरा कोणता मार्ग केंद्राच्या हाती होता, हेही सांगणे कठीण आहे.

[दृश्य : सडबरी, हिवाळ्यातील लॉरेन्शियन विद्यापीठाचा परिसर.]

पैशाचा प्रश्न केवळ महाविद्यालयांपुरता नव्हता. सडबरीतील लॉरेन्शियन या सार्वजनिक विद्यापीठाने १ फेब्रुवारी २०२१ रोजी दिवाळखोरी टाळण्यासाठी न्यायालयात संरक्षण मागितले. कॅनडातील सार्वजनिक विद्यापीठावर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. एप्रिलमध्ये तेथील ६९ अभ्यासक्रम एका झटक्यात बंद झाले. त्यांत भौतिकशास्त्र होते, तत्त्वज्ञान होते, आणि इंग्रजी व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत चालणारा सुईणींचा पदवी अभ्यासक्रमही होता. शंभरावर प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. या विद्यापीठातही अभ्यासक्रमांची नियतकालिक तपासणी होत असे, बाहेरचे समीक्षक येत असत, शिफारशी लिहिल्या जात असत. संस्थेचा ताळेबंद तपासणे हे त्यांचे काम नव्हते, आणि ज्यांचे होते त्यांनी ते वेळेवर केले नाही.

परमिटची संख्या घटल्यानंतर २०२४ आणि २०२५ मध्ये ओंटारिओतील अनेक सार्वजनिक महाविद्यालयांनी नवे प्रवेश थांबवलेल्या अभ्यासक्रमांच्या याद्या जाहीर केल्या. त्यांमागे शिकवण्याच्या दर्जातील त्रुटी हे कारण क्वचितच दिले गेले. बहुतेक ठिकाणी कारण होते घटलेली विद्यार्थिसंख्या आणि तिच्याबरोबर आटलेले शुल्क.